गाडी तापली, म्हणजे हेड गॅस्केट गेलेच असे नाही

मे महिन्याची सुट्टी. पुण्याहून निघालेली एक गाडी डोळ्यांसमोर आणा. आजी, आई-बाबा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. कोल्हापूर, हुबळी, बंगळूर, सेलम, तिरुची असा हजाराहून अधिक किलोमीटरचा पल्ला मारून गाडी तंजावरला पोहोचते. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तिथे मराठी राज्य उभे केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत वाचताना आजींचा ऊर भरून येतो. मग गाडी कुंभकोणमच्या रस्त्याला लागते.

कुंभकोणम सहा किलोमीटरवर राहिले असताना तिरुवलंचुळी नावाचे गाव येते. इथल्या शिवमंदिरातला पांढरा गणपती पाहायचे आजींनी घरूनच ठरवलेले असते. आणि नेमके तिथेच, गावात शिरताना बाबांचे लक्ष तापमानाच्या काट्याकडे जाते. काटा तांबड्या पट्टीला टेकलेला! बॉनेटच्या फटीतून वाफ येते आहे आणि एक उग्र गोडसर वास सुटला आहे.

रस्त्याकडेचा कोणीतरी जाणकार डोकावतो, मान हलवतो आणि दोनच शब्द उच्चारतो, ‘हेड गॅस्केट!’ तमिळ येत नसले तरी हे दोन शब्द कुणालाही कळतात. ऐकून बाबांचा चेहरा उतरतो. घर हजार किलोमीटर दूर, इंजिन उघडायचे म्हणजे तीन-चार दिवस मुक्काम आणि खर्च किती येईल याचा अंदाज नाही. आता इथेच हेड उतरवायचे, की पाणी घालत घालत तशीच गाडी पुढे दामटायची?

या दोन्ही उत्तरांची घाई करू नये. गाडी तापण्याची कारणे डझनभर आहेत आणि हेड गॅस्केट हे त्यांतले फक्त एक. ते खरेच गेले आहे की नाही, हे बरेचसे घरच्या घरी, साध्या हत्यारांनी आणि शांत डोक्याने ओळखता येते.

पहिली गोष्ट : झाकण उघडू नका

गाडी तापली की सगळ्यांचे हात आधी रेडिएटरच्या झाकणाकडे जातात. हीच सर्वांत मोठी चूक. रेडिएटरचे झाकण म्हणजे प्रेशर कुकरच्या शिट्टीचेच भावंड. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तेवढा दाब आत धरून ठेवायचे काम त्याचे. ०.९ चा दाब असला तर पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे ११८ अंशांपर्यंत पाणीच राहते. झाकण उघडले की दाब एकदम जातो आणि आतले पाणी त्याच क्षणी उकळून वर फेकले जाते. तोंड, मान आणि हात भाजण्याचे प्रकार असेच घडतात.

म्हणून काटा वर जाताच वातानुकूलन बंद करावे, सुरक्षित जागी गाडी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट उघडू नये. नंतर ते उघडून निदान पाऊण तास काही करू नये. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, तेव्हा हात आणि पदर-ओढणी त्यापासून लांब ठेवावी. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतणे हा तर वेडेपणाच. त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

तो पाऊण तास तिरुवलंचुळीत वाया जात नाही. कपर्दीश्वराच्या या मंदिरातला पांढरा विनायक समुद्राच्या फेसाचा आहे, अशी श्रद्धा आहे. समुद्रमंथनाच्या वेळी देव गणेशपूजन विसरले आणि मग त्या फेसाचाच गणपती केला गेला, अशी कथा सांगतात. म्हणूनच या मूर्तीला पाण्याचा अभिषेक होत नाही. खाण्याच्या कापराची पूड तेवढी वाहतात. दगडात कोरलेली तिथली जाळीदार खिडकीही पाहण्याजोगी आहे. आजींचे दर्शन होते आणि इंजिनही निवते.

गॅस्केट म्हणजे काय?

इंजिनचे दोन मोठे भाग असतात. खालचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात, आणि वरचे हेड, ज्यात व्हॉल्व्ह असतात. या दोहोंच्या मध्ये पातळ पत्र्यासारखे जे बसते ते हेड गॅस्केट. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात : सिलिंडरात जळणारा वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल. यांतल्या कोणत्याही दोघांमधली भिंत फुटली की आपण म्हणतो, गॅस्केट गेले.

ते आपणहून क्वचितच जाते. बहुतेक वेळा आधी गाडी तापते आणि मग गॅस्केट जाते. कारण सोपे आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत हेड अल्युमिनियमचे असते आणि कित्येक गाड्यांत ब्लॉक बिडाचा. तेवढ्याच उष्णतेने अल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते. तिरुवलंचुळीच्या शेजारी स्वामिमलै गावात मेणाचा साचा करून धातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. धातू तापला की पसरतो आणि निवताना आकसतो, हे त्यांच्या रोजच्या हिशोबात असते. इंजिनात मात्र हेड बोल्टांनी आवळलेले असते. पसरायला जागा मिळाली नाही की ते वाकते. केसाच्या जाडीएवढा बाकही गॅस्केट निकामी करायला पुरतो.

यातून एक महत्त्वाचा धडा निघतो. गॅस्केट बदलले, पण गाडी मुळात का तापली ते शोधले नाही, तर नवे गॅस्केटही जाणार.

आधी स्वस्त संशयित

इंजिन पूर्ण निवले, हाताला कोमट लागेनासे झाले, की जाड फडके झाकणावर धरून ते आधी थोडे सैल करावे. फुस्स आवाज थांबला की मग पूर्ण काढावे. मग एकेक गोष्ट पाहावी.

पाणी किती कमी झाले आहे? होज पाइप कुठे चिरला आहे का, क्लिप सैल आहे का? झाकणाचे रबर फाटले किंवा कडक झाले आहे का? ते निकामी झाले तर दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळते. पंख्याचा फ्यूज उडालेला नाही ना? पट्टा ढिला नाही ना? वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी पाझरल्याचे डाग दिसतात का? रेडिएटरच्या जाळीत माती, किडे आणि पिसे अडकून हवा बंद झाली आहे का? वरचा होज कढत आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट अडकल्याचा किंवा रेडिएटर आतून चोंदल्याचा संशय घ्यावा.

यांतले बरेच दोष किरकोळ खर्चात आणि थोड्या वेळात दुरुस्त होतात. हे सारे निर्दोष असेल आणि तरी पाणी कुठे सांडल्याची खूण नसताना कमी होत असेल, तरच संशय गॅस्केटवर न्यावा.

फेसाची परीक्षा

तेल भरायचे झाकण उघडून आतून पाहावे आणि डिपस्टिक काढून पाहावी. तेलात पाणी मिसळले की त्याचा कॉफीत दूध पडल्यासारखा चिकट, पिवळट-पांढरा फेस होतो. तो दिसला की लोक लगेच गॅस्केटला दोष देतात. पण इथेही सबुरी हवी. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरते तापत नाही. आतला दमटपणा तेलाच्या झाकणाखाली साचतो आणि थोडा फेस दिसतो. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल तर असा फेस लांबच्या प्रवासानंतर सहसा नाहीसा होतो. मात्र शेकडो किलोमीटर पळून आलेल्या गाडीत फेस असेल आणि डिपस्टिकवरही दुधाळ तेल येत असेल, तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये. पाणी मिसळलेले तेल बेअरिंग खाऊन टाकते.

उलट फेस नाही म्हणजे गॅस्केट शाबूत, असेही समजू नये. गळती फक्त सिलिंडर आणि पाणी यांच्यामध्ये असेल तर तेल अगदी स्वच्छ राहते. म्हणून पुढच्या परीक्षा.

चार घरगुती परीक्षा

बुडबुडे : थंड इंजिनात रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण उघडे ठेवून गाडी सुरू करावी आणि जरा दूर उभे राहून पाहावे. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात. ती अडकलेली हवा असते. ते दोन-तीन मिनिटांत थांबायला हवेत. ते थांबत नसतील आणि ॲक्सिलरेटर दाबताच वाढत असतील, तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरतो आहे. ही परीक्षा पाणी गरम होण्याआधीच संपवावी.

होज : पूर्ण थंड गाडीचे झाकण लावून इंजिन सुरू करावे आणि पंखा-पट्टा सांभाळून वरचा होज चिमटीत दाबून पाहावा. पाणी तापल्यावर तो टणक होणारच. पण पहिल्या मिनिटभरात, पाणी गार असतानाच तो दगडासारखा झाला, तर आत दाब वायूचा आहे.

धूर : थंडीच्या सकाळी एक्झॉस्टमधून पांढरी वाफ येते आणि काही मिनिटांत जाते. ती काळजीची नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला कूलंटचा गोडसर वास असला तर पाणी सिलिंडरात जळते आहे. निळसर धूर तेलाचा आणि काळा धूर जादा इंधनाचा. त्यांचा या दुखण्याशी संबंध नाही. वास घेण्यासाठी नाक एक्झॉस्टला लावू नये आणि बंद गॅरेजात इंजिन चालवू नये. त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

प्लग : पेट्रोल गाडीचे सगळे स्पार्क प्लग काढून ओळीने मांडावेत. कोणत्या सिलिंडरातला कोणता, हे चुकवू नये. सगळे तपकिरी आणि एकच धुऊन काढल्यासारखा पांढरा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरात पाणी येत असण्याचा संभव मोठा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन ‘मिसिंग’ करते आणि अर्ध्या मिनिटात सुधारते, हीही त्याचीच खूण. रात्रभरात थेंब थेंब पाणी तिथे उतरलेले असते.

एकाच परीक्षेवर निकाल देऊ नये. दोन किंवा तीन परीक्षा एकाच दिशेने बोट दाखवीत असतील तर मात्र ते ऐकावे.

खात्री करणारी दोन साधने

पहिले साधन कॉम्प्रेशन गेज. पेट्रोल गाडीचे सर्व प्लग काढून, इग्निशन आणि इंधनपंप यांचे फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून घ्यायचा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. साधारण १० ते १३ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल तर त्यांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळाली असण्याची दाट शक्यता असते. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. डिझेल इंजिनात हा दाब कितीतरी जास्त असतो. ती तपासणी वर्कशॉपवर सोडावी.

दुसरे साधन निळ्या द्रवाची नळी. रेडिएटरच्या तोंडावर ती धरून आतली हवा त्या द्रवातून खेचतात. त्या हवेत जळालेल्या वायूचा कार्बन डाय-ऑक्साइड असेल तर निळा द्रव पेट्रोल गाडीत पिवळा आणि डिझेल गाडीत हिरवट होतो. रंग बदलला नाही, तर हेड उतरवण्याचा आग्रह धरणाऱ्या मेकॅनिकला ‘का?’ असे जरूर विचारावे.

तिरुवलंचुळीतले दोन शेवट

आपल्या पुणेकर कुटुंबाच्या गोष्टीला दोन शेवट असू शकतात.

पहिल्यात झाकणाचे रबर फाटलेले निघते आणि पंख्याचा फ्यूज उडालेला. बुडबुडे नाहीत, होज मऊ आहे, तेल स्वच्छ आहे. फ्यूज बदलून पंखा फिरतो याची खात्री होते, कुंभकोणमला नवे झाकण मिळते. तांबे-पितळेच्या डबऱ्यातली तिथली प्रसिद्ध डिग्री कॉफी पिऊन गाडी पुढे जाते. बाबांनी दर पन्नास किलोमीटरला काटा, आणि थंड झाल्यावर पाण्याची पातळी पाहत राहायची, एवढेच.

दुसऱ्यात बुडबुडे थांबत नाहीत आणि एक प्लग पांढराफटक निघतो. तेव्हा मन घट्ट करून गाडी ओढून वर्कशॉपमध्ये न्यायची आणि बाकीची देवळे बसने पाहायची. पाणी घालत घालत पुढे गेले तर गॅस्केटचा खर्च वाचत नाही; हेड वाकण्याचा, ब्लॉकला तडा जाण्याचा खर्च त्यावर चढतो. रेडिएटरात हळद टाकायचा जुना उपाय किंवा बाजारातली गळती-बंद पूड यांनी गॅस्केट बरे होत नाही. उलट रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतात.

घरी दुरुस्ती कोणी करावी?

२०१४ साली उत्पादन थांबलेली जुनी अँबॅसेडर ज्यांच्याकडे आहे, हत्यारांची सवय आहे आणि सोबत गाडीची पुस्तिका आहे, त्यांनी हे काम घरी करायला हरकत नाही. मारुती ८०० सारख्या गाडीत टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. त्याच्या खुणा एक दात जरी चुकल्या तरी गाडी नीट चालत नाही आणि काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. अगदी नव्या गाडीला घरी हात न लावणेच शहाणपणाचे.

काम करणाऱ्यांसाठी क्रम असा. बॅटरी सोडवावी. थंड इंजिनातले कूलंट घमेल्यात काढावे आणि लगेच झाकून ठेवावे. ते चवीला गोड पण विषारी असते. मुले आणि कुत्री-मांजरी त्याच्यापासून लांब हवीत. प्रत्येक नळी आणि वायर सोडण्याआधी फोटो काढावा, चिठ्ठी लावावी. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल करावेत. एकदम सोडले तर चांगले हेडही वाकते.

हेड निघाल्यावर जुने गॅस्केट फेकू नये. त्यावरचा काळा जळका पट्टा गळती कुठे होती ते सांगतो. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू नये. ओले करून, नाकातोंडावर चांगला मास्क लावून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवावे. अल्युमिनियमवर पॉलिश पेपर किंवा चाकू चालवू नये.

मग सरळ पोलादी पट्टी हेडवर लांबीने, रुंदीने आणि तिरकी ठेवून फिलर गेजने फट मोजावी. पुष्कळ छोट्या गाड्यांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. फट जास्त असेल तर हेड मशीन शॉपमध्ये नेऊन फेसिंग करून घ्यावे आणि तडा तपासून घ्यावा. हे घरी होत नाही आणि टाळूही नये. नव्या गॅस्केटवर पुन्हा गाडी तापली, तर पुष्कळदा इथेच काटकसर केलेली असते.

ब्लॉकमधली बोल्टची भोके कोरडी करावीत. आत पाणी-तेल राहिले तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. पुस्तिकेत नवे बोल्ट सांगितले असतील तर जुने वापरू नयेत. गॅस्केटवरची वरच्या बाजूची खूण पाहून, पुस्तिकेत लिहिले नसेल तर कोणताही चिकट पदार्थ न लावता ते बसवावे. बोल्ट आवळताना मात्र मध्याकडून कडेकडे जावे, पुस्तिकेतल्या टप्प्यांनी आणि टॉर्क पान्यानेच. हाताच्या अंदाजाने नाही.

शेवटी नवे तेल, नवा ऑइल फिल्टर आणि योग्य प्रमाणात कूलंट भरावे. आतली हवा निघून जाईपर्यंत पातळी पाहत राहावी. पहिली चक्कर घराजवळच मारावी आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पाणी व तेल पुन्हा तपासावे.

घरातल्या सर्वांसाठी

गाडी कोण चालवतो याला महत्त्व नाही. काटा कोण पाहतो याला आहे. दर आठवड्याला एकदा, सकाळी थंड गाडीचे बॉनेट उघडून पाणी आणि तेल पाहायला पाच मिनिटे पुरतात. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी आणि रबर तपासणारी गृहिणी रेडिएटरचे झाकणही तितक्याच सहज तपासू शकते. पातळी एका वहीत तारखेसह लिहून ठेवली, तर पाणी हळूहळू कमी होते आहे हे काटा वर जाण्याच्या किती तरी आधी कळते.

आणि कोणी बॉनेटमध्ये डोकावून क्षणात ‘हेड गॅस्केट’ म्हटलेच, तर घाबरून मान डोलवू नये आणि भांडूही नये. ‘आधी बुडबुडे पाहू या,’ एवढे म्हणावे. चांगला मेकॅनिक असेल तर त्याला ते आवडेलच.